बसची विजार

विद्वान मनुष्य रंगमंचावर आला की प्रेक्षकांनी हसायचे, ही रीत फार जुनी आहे. आपल्या प्रहसनांतला प्रोफेसर प्रवेश करतो तोच मुळी कोटाचे बटण चुकीच्या काजात अडकवून. चष्मा कपाळावर असतो आणि स्वारी घरभर चष्माच शोधत असते. त्याही मागे गेलो तर संस्कृत नाटकांतला विदूषक आहे. जन्माने ब्राह्मण, पण विद्येशी त्याचे नाते जन्मापुरतेच; आणि त्याचे रूप कसे बेढब असावे हे नाट्यशास्त्राने आधीच सांगून ठेवलेले. समर्थांनी मात्र दासबोधात पढतमूर्खासाठी स्वतंत्र समास दिला तेव्हा सगळी लक्षणे वागण्याबोलण्यातली सांगितली. शिंप्याची मदत त्यांनी घेतली नाही.

अमेरिकन लोकांनी या मंडळींसाठी ‘नर्ड’ असा एक शब्द रूढ केला आहे. पुस्तकी, आपल्या विषयात बुडालेला, चारचौघांत कसे वावरावे याचे अंग नसलेला, असा तो मनुष्य. आपला ‘पढतमूर्ख’ त्याला बरोबर लागू पडत नाही, कारण पढतमूर्ख शेवटी मूर्ख असतो आणि नर्डला त्याच्या विषयातले खरोखरच कळत असते. ‘पुस्तकी किडा’ जरा जवळ जातो. अशा पात्रांवर तिकडच्या दूरचित्रवाणीने कित्येक विनोदी मालिका उभ्या केल्या. आता त्या आपल्या जुन्या वाड्यांतही माडीवरच्या खोलीत पोरांच्या हातातल्या फोनवर रात्री उशिरापर्यंत चालतात आणि खालच्या ओसरीवर आजोबा ‘हसताय कशाला?’ म्हणून ओरडतात. माझ्या धाकट्या मुलीच्या आग्रहाने मीही त्या पाहिल्या. सुरावर कान ठेवण्याची सवय असलेल्या माणसाचे लक्ष त्यातल्या कपड्यांकडे का जावे, हे मला नीटसे सांगता येणार नाही. पण गेले खरे, आणि पाहता पाहता माझे एक मत बनले.

ते मत असे: विद्वानाच्या कपड्यांना हसण्याचे दोन प्रकार आहेत. एकात शिंपी प्रेक्षकांच्या बाजूला बसलेला असतो. पात्राला तो हास्यास्पद कपडे चढवतो आणि आपण हसतो. दुसऱ्यात ते कपडे पात्राने स्वतः विचारपूर्वक निवडलेले असतात. तो विचार आपल्याला दिसतो, बिनतोड वाटतो, आणि म्हणून हसू येते. पहिल्यात आपण माणसाला हसतो. दुसऱ्यात त्याच्या तर्कशास्त्राला हसतो, आणि बऱ्याचदा हसता हसता ते तर्कशास्त्र आपल्याच घरातले आहे असे ध्यानात येते.

पहिल्या प्रकाराचा मेरुमणी म्हणजे स्टीव्ह अर्कल. ‘फॅमिली मॅटर्स’ ही मालिका १९८९ ते १९९८ अशी नऊ वर्षे चालली. शिकागोतल्या एका कृष्णवर्णीय पोलिस अधिकाऱ्याच्या कुटुंबाची ती कथा. शेजारचा हा अर्कल पोरगा म्हणे एखाद्या भागापुरता यायचा होता. पण जलील व्हाइट या बालनटाने त्यात असे काही रंग भरले की मालिका त्याचीच होऊन बसली. त्याची विजार बरगड्यांपर्यंत ओढलेली, खांद्यावरून गॅलिस, खाली मोजे दिसतील इतके आखूड पाय, आणि डोळ्यांवर दोरीने बांधलेला भलाथोरला चष्मा. नट गुणी होता, यात शंका नाही. परंतु त्या मुलाच्या बुद्धीशी त्या विजारीचे काही नाते आहे असे मला कुठे दिसले नाही. ती विजार त्याला वर ओढून दिली होती, एवढेच. पुढे १९९३ साली लेखकांनी एक क्लृप्ती काढली. अर्कल स्वतःच एक शोध लावतो आणि त्या शोधाने त्याचा ‘स्टेफान’ नावाचा रुबाबदार तरुण होतो. चष्मा गेला, गॅलिस गेले, अंगावर झकपक सूट आला, आवाज खर्जात उतरला. नट तोच. शेजारच्या ज्या मुलीमागे अर्कल वर्षानुवर्षे फिरत होता तिला स्टेफान तत्काळ आवडला. म्हणजे मुलाने आपली सारी विद्या खर्च करून कोणता शोध लावला, तर स्वतःला नाहीसे करण्याचा! विनोदी मालिकेत इतकी दुःखद गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही, आणि ती दुःखद आहे हे लिहिणाऱ्यांच्या लक्षात आले होते की नाही, देव जाणे.

ब्रिटिशांच्या ‘द आयटी क्राउड’ने (२००६ साली सुरू, शेवटचा भाग २०१३) थोडी सुधारणा केली. तळघरात बसून कचेरीचे संगणक दुरुस्त करणारे दोघे. त्यांतला मॉस आईने भांग पाडून शाळेत पाठवावे तसा, चौकड्यांचा सदरा आणि टाय लावून येतो. रॉय अंगावर काहीबाही छापलेला टी-शर्ट घालून टेबलावर पाय टाकतो. दोघेही एकाच तळघरातले, पण एकाला नियम हवेत आणि दुसऱ्याला ते मोडल्याचे समाधान हवे, हे तोंड उघडण्याआधीच कळते. ठीक आहे. पण खरे काम झाले ते ‘द बिग बँग थिअरी’त.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी चार शब्द. सप्टेंबर २००७ ते मे २०१९ अशी बारा पर्वे, २७९ भाग. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरी, कॅलटेक या नामांकित विज्ञानसंस्थेत काम करणारे चार तरुण. शेल्डन हा सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, लेनर्ड प्रयोग करणारा भौतिकशास्त्रज्ञ, राज दिल्लीहून आलेला खगोलशास्त्रज्ञ आणि हॉवर्ड अभियंता. समोरच्या बिऱ्हाडात पेनी नावाची, उपाहारगृहात काम करणारी आणि नटी होऊ पाहणारी मुलगी राहायला येते, तिथून कथा सुरू होते. वेषभूषा मेरी क्विगली या बाईंची. नाट्यशास्त्रात अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतल्या आहार्याला आपण बहुधा शेवटच्या पंक्तीला बसवतो. या बाईंनी त्याला पहिल्या पंक्तीचे पान वाढले, असे म्हणायला हरकत नाही.

शेल्डन घ्या. जिम पार्सन्स या नटाला या भूमिकेसाठी चार वेळा एमी पारितोषिक मिळाले. शेल्डनचा वेष अगदी साधा: आत लांब बाह्यांचा गंजीफ्रॉकसारखा सदरा, त्यावर आखूड बाह्यांचा टी-शर्ट, आणि टी-शर्टवर बहुतेक वेळा फ्लॅश, ग्रीन लँटर्न अशा चित्रकथांतल्या वीरांची चिन्हे. बारा वर्षे हेच. पॅसाडिनाची हवा काही हिमालयातली नाही. तेव्हा हे दोन थर थंडीचे नव्हेत. जगाचा स्पर्श होऊ नये म्हणून धडपडणारा हा मनुष्य आहे. कोणी हस्तांदोलन केले की त्याला जंतू दिसतात. कोचावर त्याची जागा ठरलेली, शनिवारी रात्री सव्वाआठला कपडे धुण्याची वेळ ठरलेली, आणि धुतलेले सदरे घडी घालण्याच्या खास फळीवर एकाच मापात घडी केलेले. अशा माणसाने एकावर एक दोन सदरे घातले नसते तरच नवल.

पण कळस आहे तो बसच्या विजारीचा. चौथ्या पर्वात, जानेवारी २०११ च्या एका भागात, आपल्याला समजते की शेल्डन सार्वजनिक बसने जाताना नेहमीच्या विजारीवर आणखी एक विजार चढवतो. बसच्या बाकावर कोण कोण बसून गेले असेल याचा भरवसा नाही. सबब बसची विजार वेगळी. बाक त्या विजारीला शिवला. ती उतरवली की आतला शेल्डन स्वच्छ. अमेरिकन प्रेक्षक यावर खदखदून हसले. मी मात्र जरा कमी हसलो, कारण माझ्या आजीला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. बाजारातले लुगडे वेगळे, स्वयंपाकघरातले सोवळे वेगळे, आणि उंच दांडीवरचे वाळत घातलेले सोवळे काठीने काढायचे, हाताने नाही! तिच्या सोवळ्याला शास्त्राचा आधार होता आणि याच्या विजारीला जंतुशास्त्राचा. पण मनाची ठेवण एकच. वेडेपणा म्हणाल तर आहे, पण त्याला व्याकरण आहे. अर्कलच्या विजारीत आणि शेल्डनच्या विजारीत मला जो फरक दिसतो तो हा.

त्याच्या टी-शर्टांपैकी एकावर केवळ ७३ हा आकडा आहे. मालिकेच्या ७३ व्या भागात, डिसेंबर २०१० मध्ये, तो मित्रांना सांगतो की सर्वांत उत्तम संख्या ७३ होय. कारण ७३ ही २१ वी मूळ संख्या. आकडे उलटले की ३७, ती १२ वी मूळ संख्या, म्हणजे तोही २१ चा उलटा. आणि ७ गुणिले ३ बरोबर २१. मित्र नेहमीप्रमाणे थट्टा करतात. पण पुढची गंमत अशी की काही गणितज्ञांनी ही गोष्ट मनावर घेतली. हे दोन्ही गुण असलेली ७३ ही एकमेव संख्या असावी, असा तर्क २०१५ साली गणिताच्या एका नियतकालिकात ‘शेल्डनचा तर्क’ म्हणून प्रसिद्ध झाला, आणि कार्ल पॉमरन्स व क्रिस स्पायसर या दोघांनी २०१९ साली तो सिद्ध करून दाखवला. छातीवरचा आकडा म्हणजे नुसती नक्षी असती तर हे कोण करत बसले असते? कपड्यावर काहीतरी शास्त्रीय दिसावे म्हणून कुठलेही सूत्र छापून द्यायचे, हा आळस वेषभूषा करणाऱ्यांत सर्वत्र आहे. आमच्या क्षेत्रात नाही का, संगीतसभेच्या पडद्यावर सतार रंगवतात आणि तिच्या तारा मोजायला गेले की चार भरतात!

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिल्याच पर्वात, २००७ च्या ऑक्टोबरात, पेनीकडे सोंगांची मेजवानी असते. चौघेही मोठ्या उत्साहाने नटून येतात, आणि पाहतात तो चौघांनीही फ्लॅशचेच सोंग घेतलेले! भांडणे होतात, तह होतो, फ्लॅश कोणीच व्हायचे नाही असे ठरते. मग शेल्डन जातो तो काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा अंगाबरोबर बसणारा पोशाख करून. लोकांना वाटते हा झेब्रा झाला. तो झालेला असतो डॉप्लर परिणाम. आगगाडी शिटी फुंकीत आपल्याकडे येते तेव्हा शिटीचा स्वर चढा लागतो आणि गाडी पुढे निघून जाताच तो उतरतो, हे आपण सगळ्यांनी फाटकापाशी उभे राहून ऐकले आहे. गाडी तीच, शिटी तीच. जवळ येताना ध्वनीच्या लाटा दाटतात आणि दूर जाताना विरळ होतात, म्हणून कानाला दोन स्वर. मी वर्गात मुलांना मींड शिकवताना हे उदाहरण देतो. ते पट्टे म्हणजे त्या लाटा. कोणाला कळत नाही म्हटल्यावर शेल्डन तोंडाने जाणाऱ्या गाडीचा आवाज काढून दाखवतो. विचार करा, मेजवानीत सगळे काहीतरी होऊन येतात: कोणी रामसिंग, कोणी भीमसिंग. हा एकटा नियम होऊन आला. या माणसाला व्यक्तीपेक्षा नियम अधिक जवळचे वाटतात, हे सांगायला लेखकाला दोन पाने संवाद लागले असते.

२०१७ ते २०२४ या काळात ‘यंग शेल्डन’ नावाची, त्याच्या बालपणाची वेगळी मालिका झाली. टेक्सासमधल्या एका गावी, १९८९ साली, नऊ वर्षांचा शेल्डन मोठ्या मुलांच्या शाळेत जातो. तिथे त्याचा वेष पाहण्यासारखा आहे: चौकड्यांचा सदरा, वरपर्यंत बटणे, गळ्याशी बो टाय, चापून बसवलेला भांग. नऊ वर्षांचे पोर साठीच्या प्राध्यापकासारखे! आणि हाच मोठा होऊन प्राध्यापकांच्या मांडीला मांडी लावून बसतो तेव्हा अंगात नऊ वर्षांच्या पोराचा टी-शर्ट. प्रथम मला ही विसंगती वाटली. आता वाटते, लेखकांना सुचलेली ही सर्वांत बारीक गोष्ट असावी. लहानपणी सभोवती कोणीही त्याच्या बुद्धीचे नव्हते, तेव्हा ती कपड्यांवर लावून मिरवावी लागली. पुढे बुद्धीविषयी कोणाला शंका उरली नाही, तेव्हा राहून गेलेले बालपण अंगावर आले.

हॉवर्डची गोष्ट निराळी. चौघांत पीएच.डी. नसलेला तो एकटा. एमआयटीची पदव्युत्तर पदवी आहे, पण शेल्डन त्याला घालून पाडून बोलल्याशिवाय राहत नाही. तेव्हा चौघांत सर्वांत भडक कपडे त्याचे असावेत यात आश्चर्य काय? तंग रंगीत विजारी, हाताच्या पंजाएवढी कमरपट्ट्याची बक्कले, कॉलरवर परग्रहावरच्या माणसाचे चिमुकले मुंडके, १९६० नंतरच्या बीटल्स गायकांसारखे कापलेले केस. शिवाय सदऱ्याच्या आत उंच गळ्याचा स्वेटर दिसतो, पण तो स्वेटर नव्हेच, केवळ गळा. छातीखाली काही नाही. आपण मोठे रसिक, स्त्रियांना भुरळ घालणारे आहोत अशी त्याची समजूत, आणि राहतो आईच्या घरी. तो नुसता गळा पाहिला की संपूर्ण हॉवर्ड दिसतो. पुढे २०१२ साली तो अंतराळात जाऊन येतो, लग्न करतो, बाप होतो. तरी बक्कले सुटत नाहीत. मला ते खरे वाटले. मनुष्य अंतराळात जाऊन आला म्हणून शेजाऱ्याने टाकून बोललेले विसरतो थोडाच!

लेनर्डविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि तेच त्याच्या वेषाचे मर्म. मातकट, हिरवट रंग, वर टोपीचे जाकीट, काळ्या काड्यांचा चष्मा. शेल्डन आणि पेनी यांच्यामध्ये सापडलेला हा सज्जन पार्श्वभूमीत विरघळण्याचा प्रयत्न करतो.

राजकडे मात्र आपण भारतीयांनी जरा निरखून पाहावे. कुणाल नय्यर हा दिल्लीत वाढलेला नट त्याचे काम करतो. राज श्रीमंत डॉक्टराचा मुलगा. आणि मद्याचा घोट घेतल्याशिवाय परक्या स्त्रीसमोर त्याला शब्द फुटत नाही, ही अडचण २०१३ पर्यंत टिकते. त्याच्या अंगावर सदरा, सदऱ्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, स्वेटरवर पुन्हा वाऱ्याचे जाकीट. अमेरिकन समीक्षकाला यात फक्त जुनाट फॅशन दिसेल. पण उत्तर हिंदुस्थानात राहिलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाला तो स्वेटर तत्काळ ओळखू येईल. डिसेंबरात सकाळी शाळेला निघालेल्या मुलाच्या डोक्यातून आई जो जबरदस्तीने खाली ओढते तोच हा. क्विगलीबाईंना हे ठाऊक होते की योगायोगाने जमले, मला माहीत नाही, आणि जमले असेल तर योगायोगाचे अभिनंदन. आईबापांपासून हजारो मैलांवर, ऊबदार कॅलिफोर्नियात, हा तिशीचा शास्त्रज्ञ अजून दिल्लीच्या थंडीसाठी घातलेले कपडे घालून वावरतो. शिवाय त्याला कुठे जरीचा कुडता चढवून ‘हिंदुस्थानी’ केलेला नाही. ही सभ्यता परदेशी मालिकांत दुर्मीळच.

यावर माझे एक वकील स्नेही म्हणतात, ‘बुवा, तुम्ही फार खोल जाता. रोज तेच कपडे घातले की पात्र लांबून ओळखू येते आणि टी-शर्ट बाजारात विकता येतात. बाकी सगळे तुमच्या डोक्यातले.’ टी-शर्ट विकले गेले, खंडोगणती विकले गेले, हे मान्य. ओळखू येण्याची सोय, तीही मान्य. आमच्या रागांनाही पकड असते, दोन स्वरसमूहांत राग ओळखू यावा म्हणूनच. पण ओळख पटली म्हणजे राग संपला असे कोणी म्हणत नाही. ओळख पटवण्यासाठी शेल्डनला रोज लाल टोपी घालूनही भागले असते. बसची विजार लागली नसती.

इथवर मी स्तुती केली. आता तक्रार, आणि ती स्त्रीपात्रांविषयी आहे.

मालिकेत पुढे दोन शास्त्रज्ञ स्त्रिया आल्या. बर्नाडेट सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, फुलाफुलांचे झगे, वर छोटा स्वेटर, बाहुलीसारखी दिसणारी, आणि स्वभावाने अशी जहांबाज की तिच्या हाताखालचे लोक चळचळा कापतात. वेष आणि स्वभाव एकमेकांविरुद्ध उभे करण्याची ही युक्ती सोपी आहे, पण चालते. दुसरी एमी फॅरा फाउलर. मेंदूचा अभ्यास करणारी ही विदुषी मे २०१० मध्ये आली. ती भूमिका करणाऱ्या मायिम बियालिक यांनी स्वतः मेंदुविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली आहे. एमीचा वेष म्हणजे गुडघ्याखाली जाणारा जाड घागरा, जाड मोजे, सपाट बूट, सदऱ्यावर बटणांचा स्वेटर आणि खांद्यावरून आडवी पिशवी. हा वेष विचारांती निवडलेला आहे असे मानायला पुष्कळ जागा आहे. प्रयोगशाळेत उभे राहून काम करणाऱ्या बाईला सपाट बूट लागतात, दोन्ही हात मोकळे लागतात. शेल्डनच्या कपड्यांतला तर्क मालिका आपल्याला सांगते. एमीच्या कपड्यांतला तर्क मात्र ती कधी कोणाला विचारीत नाही. पुरुषाच्या दोन विजारींमागे सिद्धांत, आणि बाईच्या स्वेटरमागे नुसता गबाळेपणा! नऊ वर्षे तिच्या घागऱ्यावर सोपे हशे घेतले.

शेवटी २०१९ च्या मे महिन्यात, मालिका संपतासंपता, शेल्डन आणि एमी यांना संयुक्तपणे भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर होते. सगळीकडे छायाचित्रे झळकतात. एमी स्वतःचे छायाचित्र पाहते आणि खट्टू होते. मग राज तिला घेऊन जातो. केस कापले जातात, नवे कपडे येतात, आणि ती निराळीच होऊन परतते. अर्थात हे तिने स्वखुशीने केले, असे मालिका म्हणते. बाईला नटावेसे वाटले तर तिने का नटू नये, हा प्रश्न रास्त आहे आणि माझे त्यावर काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते वेळेविषयी. जगातला सर्वोच्च मान बुद्धीसाठी मिळाला, त्याच आठवड्यात पहिले काम काय, तर केस! अर्कलच्या यंत्राची मला आठवण झाली. एवढे खरे की शेल्डनला तिचे नवे रूप पाहून धक्का बसतो, तो अस्वस्थ होऊन निघून जातो. मालिका ते त्याचे वेड म्हणून दाखवते. मला तर त्या घटकेपुरता तो सगळ्यांत शहाणा वाटला.

हे मी घरच्या अनुभवावरून बोलतो. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी, गणित विषय घेऊन बी.एस्सी. करणारी, एका गायनस्पर्धेत निवडली गेली. दोन साध्या सलवारी, एक ओढणी, जाड भिंगांचा चष्मा. तोडी अशी गायची की तंबोरा थांबला तरी मागे ऐकू येत राहावा. दुसऱ्या फेरीला तिथल्या मंडळींनी चष्मा काढवला, केस मोकळे सोडले आणि असा काही झगा दिला की त्यात मांडी घालून बसता येईना. श्वास पोटातून घ्यायचा असतो, हे त्यांना कोण सांगणार? उभ्याने, कमर आवळलेल्या वेषात ती गायली, आणि धैवतावर दम तुटला. परीक्षकांनी दिसण्याचे कौतुक केले. पुढच्या आठवड्यात ती घरी परत आली, आणि तिची आई मला म्हणाली, ‘गुरुजी, हिला जरा नीट राहायला शिकवा.’ मी काय शिकवणार!

शेवटच्या भागात स्टॉकहोमचा समारंभ आहे. पुरुष काळे लांब कोट आणि पांढरे टाय लावून, स्त्रिया लांब झग्यांत. शेल्डन, लेनर्ड, हॉवर्ड, राज, सगळ्यांच्या खुणा गेल्या: वीरांची चिन्हे नाहीत, बक्कल नाही, स्वेटर नाही. माझे वडील संस्थानच्या अखेरच्या वर्षांत, अगदी कोवळ्या वयात, दरबारात साथीला बसू लागले. ते सांगत की पागोटे, अंगरखा आणि शेला या दरबारी वेषात सगळे साथीदार एका साच्यातले दिसत, आणि म्हणून ऐकणाऱ्याला माणसामाणसातला फरक शोधायला फक्त कान उरत. त्या भागात तसेच होते. बारा वर्षे कोणाचे आभार न मानलेला शेल्डन लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवून मित्रांना एकेक करून उभे राहायला सांगतो, आणि आपण प्रथमच त्याच्या कपड्यांकडे न पाहता त्याच्याकडे पाहतो. त्याआधी एमी बोलते: विज्ञानाची स्वप्ने पाहणाऱ्या मुलींनी खुशाल या मार्गाला यावे, असे सांगते. चांगले बोलते. तेच ती जुन्या स्वेटरवाल्या छायाचित्राविषयी बोलली असती तर माझ्या विद्यार्थिनीला अधिक उपयोगी पडले असते.

तसे पाहिले तर त्या समारंभात काळा कोट घातलाच पाहिजे असेही नाही. आपापल्या देशाचा औपचारिक वेष तिथे चालतो. मालिका मे महिन्यात संपली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला खऱ्या स्टॉकहोमात अभिजित बॅनर्जी धोतर नेसून आणि एस्थर डफ्लो साडी नेसून अर्थशास्त्राचे पारितोषिक घ्यायला आले, हे वाचकांना आठवत असेल. दोघांनी केसांचे काय केले होते ते कोणाच्याही लक्षात नाही.

माझी मुलगी म्हणते, शेल्डनने त्या पांढऱ्या सदऱ्याच्या आत फ्लॅशचा टी-शर्ट घातलेलाच असणार, फक्त कॅमेऱ्याने दाखवला नाही. मला तसे वाटत नाही. समारंभाला काय घालावे याचा नियम लेखी असतो, आणि शेल्डनने तो दोनदा वाचला असेल. बसने गेला असेल तर विजारीचे मात्र मी सांगू शकत नाही.